पन्हा केवढा?

ऑक्टोबर 1981. दिवाळी आठवड्यावर आलीय. तुमचं वय नऊ, त्यामुळे जगातल्या बहुतेक गोष्टी तुम्हाला सध्या खालून दिसतात: काउंटरची कड, बायकांच्या पिशव्यांची बुडं, बाबांच्या शर्टाचं शेवटचं बटण. लालबागच्या चाळीतून निघून तुम्ही चौघं आंबेडकर रोडने हिंदमाताच्या दिशेने चालताय. धाकटी बाबांच्या कडेवर आहे. इथे उड्डाणपूल व्हायला अजून तीस वर्षं आहेत, तेव्हा रस्त्यावर संध्याकाळचं ऊन सरळ तिरपं येऊन पडतं. चिवडा गल्लीतून तळणाचा वास येतोय, भारतमाताचा खेळ नुकताच सुटलाय, आणि त्या गर्दीत आईने तुमचं मनगट असं आवळून धरलंय की हात सोडवायचा विचारही मनात येऊ नये.

बाबांची पहिली पाळी सुटून दोनेक तास झालेत. ते गिरणीच्या साचाखात्यात, म्हणजे मागांवर आहेत. घरी येऊन, अंग धुऊन, केसांना तेल लावूनसुद्धा कानामागे कापसाचं एक तूस राहिलंच. आई चालता चालता ते चिमटीने काढते. त्यांच्या आतल्या खिशात बोनस आहे. या बोनसवरून यंदा गिरणगावात खदखद चाललीय. राष्ट्रीय मिल मजदूर संघाने मालकांशी केलेला करार पुष्कळांना पटलेला नाही, काही गिरण्यांतले कामगार काम टाकून बाहेर पडलेत, घाटकोपरला कामगारनेते डॉक्टर दत्ता सामंतांच्या दारात गर्दी जमू लागलीय. नाक्यानाक्यावर कुणी ना कुणी बाबांना थांबवून याच विषयावर बोलतं. आई तोंडाने काही म्हणत नाही, फक्त तुम्हाला पुढे ओढते, की तुमच्यामागून बाबांनाही यावंच लागतं.

दुकानाबाहेर चपला काढा. एकमेकांत अडकवून ठेवा, नाहीतर परत येईपर्यंत एक पाय भलत्याचाच निघेल.

आत पांढऱ्या चादरीची लांबच लांब गादी, आणि भिंतीला छतापर्यंत लाकडी कप्पे. कप्प्यांतून ताग्यांच्या नुसत्या कडा बाहेर दिसतात. वरच्या कप्प्यांसाठी शिडी. गल्ल्यावर शेठ, त्याच्या डोक्यावर लक्ष्मीची तसबीर, तिच्याखाली लाल कापडात बांधलेल्या वह्या. आणि वास! कोऱ्या सुती कापडाला खळीचा आणि रंगाचा मिळून एक वास असतो, जरासा नाकात चढणारा, आणि तागा उलगडला की तो एकदम अंगावर येतो. हा वास भरून घ्या. आजच्या दुकानांत गार हवा असते आणि त्या हवेला अत्तर मारलेलं असतं, पण कापडाचा वास येत नाही. कापडालाही येत नाही.

"या वहिनी, बसा. शेटजींना पाणी दे रे." बाबांना शेटजी म्हणणारा माणूस मुंबईत हा एकच.

आई बसते आणि इथून पुढचा तासभर ती तुमची रोजची आई नसते. चाळीतल्या खोलीत बाबांपुढे आवाज न चढवणारी ही बाई गादीवर मांडी ठोकून बसली की समोरच्या दोन माणसांना कामाला लावते. "शर्टाचं दाखवा. पोराला आणि ह्यांना. एकाच ताग्यातलं." विकणारा तागा उचलतो, गादीवर आपटतो आणि मनगटाच्या एका झटक्यात उलगडतो, कापड भरभर धावत येतं आणि तुमच्या गुडघ्यांवर थांबतं. पॉपलीन. मग केंब्रिक. मग बारीक चौकडीचं काहीतरी. तिच्या तोंडून पहिला प्रश्न रंगाचा नाही, भावाचाही नाही.

"पन्हा केवढा?"

पन्हा म्हणजे कापडाची रुंदी. छत्तीस इंची पन्हा असेल तर बाबांच्या एका शर्टाला अडीच मीटर लागणार. अठ्ठावन्नचा असेल तर एक मीटर साठमध्ये भागतं. म्हणजे स्वस्त दिसणारं कापड शेवटी महाग पडू शकतं, आणि त्यात तुमचा शर्ट बसवायचा तर कापड कसं फिरवून कापावं लागेल, बाही आडवी निघेल का, उरलेल्यात धाकटीचं झबलं होईल का, हा सगळा हिशेब आई कागदाशिवाय करते. शाळेत ती चौथीपर्यंत गेली. हा भूमितीचा भाग तिला कुणी शिकवलेला नाही.

शेजारी एक म्हातारी नऊवारीत बसलीय. ती वारात मागते, विकणारा मीटरमध्ये फाडतो. मीटर येऊन वीसेक वर्षं झाली, सरकारचा शिक्का मारलेली पितळी टोकांची पट्टी प्रत्येक दुकानात आहे, पण म्हातारीच्या हिशेबी कापड अजून वारातच मोजतात. मीटर वारापेक्षा चार बोटांनी मोठा, एवढं तिला पक्कं माहीत आहे, आणि ती चार बोटं आपल्याला फुकट मिळतायत अशा खुशीत ती प्रत्येक मीटरला मान डोलावते. पैसे अर्थातच मीटरचे लागतात. तिला ते कुणी सांगत नाही.

आता आईच्या हाताकडे बघा. यासाठी मी तुम्हाला इथवर आणलंय.

ती कापडाचा कोपरा मुठीत घेते, घट्ट आवळते, सोडते आणि सुरकुत्या किती वेळ राहतात ते बघते. अंगठा आणि तर्जनीत धरून चोळते. खळ जास्त असली तर बोटांवर पांढरी भुकटी उतरते, आणि उतरली तर तिची भुवई वर जाते. ट्यूबलाइटसमोर धरून वीण किती दाट ते पाहते. रुमालाचं टोक जिभेवर ओलं करून कापडावर घासते, रंग रुमालाला लागतो का बघते. विकणारा हे सगळं निमूट होऊ देतो. त्याला राग येत नाही, कारण हात न लावता कापड घेणारं गिऱ्हाईक त्याने पाहिलेलंच नाही.

त्या दुकानांच्या आठवणीने हळवी होणारी माणसं मला बरीच भेटतात. ती गादी, ती शिडी, कार्बन ठेवून फाडलेलं बिल, सुतळीने बांधलेलं पुडकं. मला वाटतं आपण चुकीच्या वस्तूसाठी गहिवरतो. गादी गेली तर काय, काचेचं काउंटर आलं. गेला तो हा हात. घरातल्या प्रत्येक बाईला आणि निम्म्या पुरुषांना कापड कळायचं. दोन धुण्यांत किती आटेल, कोपरावर कधी फाटेल, हे त्यांना दुकानात बसूनच सांगता यायचं. तुम्हाला येतं? मला येत नाही. मी लेबल वाचतो.

लेबल तेव्हाही होतं, ते कापडाच्या किनारीवर असायचं. खाली वाका आणि ताग्याच्या काठावरचे शिक्के वाचा, नऊ वर्षांच्या मुलाला एवढं वाचता येतं. गिरणीचं नाव. कापडाचं नाव. टेरिकॉट असेल तर थोड्या थोड्या अंतरावर पुन्हा पुन्हा उमटलेले आकडे: 67 टक्के पॉलिएस्टर, 33 टक्के कॉटन. बॉम्बे डाइंग, सेंचुरी, मफतलाल, मोरारजी, फिनले, खटाव. ही नावं तुम्ही शाळेत जाता-येता दगडी भिंतींवर, चिमण्यांखाली, फाटकांवर वाचता. त्यातल्या काहींचे भोंगे तुम्ही आवाजावरून ओळखता. व्हॉईल म्हटलं की खटावचं, आणि खटावची गिरणी भायखळ्याला, म्हणजे इथून चालत जाण्यासारखी. विणणारा, विकणारा आणि नेसणारी तीन मैलांत राहतात. मुंबईतली पहिली गिरणी कावसजी दावरांनी 1854 मध्ये ताडदेवला काढायला घेतली, तेव्हापासूनच्या सव्वाशे वर्षांत या भागाने अर्ध्या देशाच्या अंगावर कापड घातलं, आणि स्वतः दिवाळीला तेच कापड दुकानातून पैसे मोजून आणलं.

कापड कुठलं, हा प्रश्न इथे साधा कधीच नव्हता. एका पावलात साठ वर्षं मागे जाता आलं तर इथून जवळच, परळच्या एल्फिन्स्टन मिलच्या आवारात, तुम्हाला भलीमोठी होळी दिसेल. तारीख 31 जुलै 1921. मँचेस्टरच्या तलम धोतरांचा, रेशमी साड्यांचा, फेल्टच्या टोप्यांचा ढीग रचलाय आणि गांधीजी तो पेटवतायत. आवार ज्या गिरणीचं, तिचे मालक उमर सोबानी स्वतः त्या कामात पुढे. त्या धुरातून परत आलात की किनारीवरचा शिक्का थोडा वेगळा दिसतो.

पण बाबा शिक्का वाचत नाहीत. ते इतका वेळ धाकटीला घेऊन उभे होते. आता ते वाकतात, कापडाची किनार बोटांखालून ओढत नेतात आणि एका जागी थांबतात.

"हे बघ."

तुम्ही बघता. काही दिसत नाही.

"बोट लाव."

बोट लावल्यावर कळतं. एक रेघ आहे, केसाएवढी, आडवी. तिथे बाण्याचा धागा कमी आहे. "धागा तुटला, साचा लगेच थांबला नाही, दोन फेरे तसेच गेले," बाबा म्हणतात. विकणारा चष्मा कपाळावर ढकलून बघतो आणि त्यालाही दिसत नाही. मग तोही बोट लावतो. "तुम्ही कुठल्या खात्यात?" "साच्यात." "मग तुमच्याशी काय बोलायचं!" तो हसतो आणि तेवढा भाग सोडून पुढचं कापड मोजायला घेतो. आईच्या चेहऱ्यावर काही उमटत नाही, पण ती पुढचा तागा बाबांच्या बाजूला सरकवते. ही तिची दाद.

फार गोड करू नका मात्र. ते कानामागचं तूस सगळं बाहेरच राहिलेलं नाही. थोडं बाबांच्या छातीत जातंय आणि रात्री ते खोकून बाहेर येत नाही. गिरण्यांच्या वैद्यकाने त्या रोगाला बिसिनोसिस असं नाव दिलंय, चाळीत त्याला दमा म्हणतात. आणि या गादीवर तुमची पसंती कुणीही विचारलेली नाही. तुम्हाला निळं हवं होतं. मातकट घेतलं, कारण त्यावर मळ दिसत नाही.

पलीकडच्या गादीवर बस्ता बांधणं चाललंय. लग्न दिवाळीनंतर, मंडळी साताऱ्याकडची, सकाळपासून आलेली. चहाचे कप तीनदा फिरून गेलेत. नवरीचा शालू बाजूला ठेवलाय आणि खरं भांडण आहेराच्या साड्यांवर आहे. आत्याची साडी मावशीच्या साडीपेक्षा कमी भावाची दिसता कामा नये, पण जास्त भावाची असूनही चालणार नाही. विकणारा यातला मुरलेला: तो एकाच भावाच्या पंधरा साड्या काढतो, सगळ्या वेगळ्या रंगांच्या, आणि म्हणतो, "कुणी बोट दाखवणार नाही." एक म्हातारा कोपऱ्यात धोतरजोडी मांडीवर घेऊन बसल्या बसल्या झोपलाय. ते बोलत असताना नवरी मुलगी कोपऱ्यातल्या काचेच्या कपाटाकडे बघतेय. त्या कपाटात फिरत्या दिव्याखाली विमलच्या साड्या लावल्यात, अहमदाबादजवळच्या नरोड्याच्या, झुळझुळीत, इस्त्री न लागणाऱ्या. सिनेमाच्या आधी, मासिकांत, बसथांब्यांवर तेच दोन शब्द: ओन्ली विमल. त्या साड्यांना मुठीत आवळून बघायची गरज नाही, त्यांना सुरकुती पडतच नाही. आईचा हात तिथे निरुपयोगी आहे. आईला ते अजून कळलेलं नाही. शेठला कळलंय, म्हणूनच काच त्या कपाटाला आहे आणि पॉपलीनला नाही.

तुम्ही कंटाळलात. कंटाळलेल्या मुलांसाठी दुकानात एक वस्तू असते: सूटिंगचं शेड कार्ड. काळ्या पुठ्ठ्याचं पुस्तक, आत प्रत्येक पानावर दाते पाडलेल्या कडांचे चौकोनी तुकडे, खाली नंबर. राखी, गडद राखी, त्याहून गडद राखी. साहेबलोकांच्या काळात काळा घोड्याजवळच्या आर्मी अँड नेव्ही स्टोअर्सचा जाडजूड कॅटलॉग असायचा, त्यात चित्रं पाहून माणसं वस्तू मागवत; ती इमारत अजून उभी आहे. आपल्याकडच्या साध्या घरांत कॅटलॉग म्हणजे हाच, चित्र नसलेला, नुसता पोत. यात बघण्यापेक्षा चाचपण्याचं काम जास्त. काकाच्या लग्नाच्या सुटाचं कापड याच पुस्तकातून ठरलं, ठाण्याच्या रेमंडचं, आणि तो सूट त्याने नंतर कधी घातल्याचं कुणाला आठवत नाही. चित्रं हवी असतील तर दिवाळी अंकांच्या मागच्या पानावर बघायची: ग्वाल्हेर सूटिंगमध्ये पतौडी उभा, कोटाची घडी न मोडता.

कापड ठरलं. विकणारा पितळी पट्टीवर मोजतो, काठाला कात्रीने बोटभर चीर देतो, दोन्ही हातांत धरून फाडतो. चर्रर्र! पॉपलीन धाग्याला धरून सरळ रेषेत फाटतं, कात्री तेवढी सरळ चालत नाही. धाकटी दचकून रडायला लागते. आई जाता जाता कंट्रोलच्या कापडाची चौकशी करते, परकराला आणि उशीच्या अभ्र्यांना. 1964 पासूनच्या नियमाने काही गिरण्यांना स्वस्त कापड काढावंच लागतं, सरकारने बांधून दिलेल्या भावाने. त्या जितक्या नाखुशीने ते काढतात तेवढी नाखुशी कापडात दिसते. "ते आमच्याकडे नाही वहिनी, सोसायटीत बघा." पैसे बाबा देतात. थोडे आत्ता, बाकीचे वहीत. शेठ पान उघडतो, नाव लिहीत नाही. नाव आधीच आहे.

इथे तुमचं काम संपलं असं वाटलं असेल तर तुम्ही फारच अलीकडच्या काळातून आलात. हातात अजून शर्ट नाही, साडेतीन मीटर कापड आहे.

चाळीच्या जिन्याखाली शिंपीमामांचं मशीन. समोर खडूने लिहिलेली पाटी: दिवाळीच्या ऑर्डरी बंद. बोनस उशिरा आला की हे असं होतं. आई पाटी वाचत नाही, म्हणजे वाचता येत असून वाचत नाही. "मामा, पोराचं एवढंच." मामा दातांतला दोरा न काढता मान हलवतात. आई पिशवी त्यांच्या पाटावर ठेवते आणि ठेवूनच देते. भिंतीवर परदेशी दिसणाऱ्या पुरुषांची रंगीत पानं चिकटवलीत, मोठ्या कल्ल्यांचे, लांब कॉलरचे. तुम्ही धीर करून एकाकडे बोट दाखवता. "अशी कॉलर." "होईल," मामा म्हणतात. होणार नाही. मामांना एकच कॉलर येते, ती त्यांनी सगळ्या चाळीला घातलीय, आणि प्रत्येकाला "होईल" म्हणूनच घातलीय. फीत खांद्यावर, छातीवर, बाहीवर. "हाफ पँटीला खाली तीन बोटं दुमड ठेवा, वाढतोय." माप वहीत, आणि वहीच्या त्याच पानाला कापडाचा एक तुकडा टाचणीने टोचलेला, ओळख राहावी म्हणून.

ती दुमड पुढच्या वर्षी उसवली जाईल आणि पँटीच्या खालच्या अंगाला तीन बोटं रुंद गडद पट्टा दिसेल, न विटलेला. वर्गात निम्म्या मुलांच्या पँटींना तो असतो. त्यावरून मुलगा किती वाढला ते मोजता येतं.

नरकचतुर्दशीच्या पहाटे, अजून अंधार असताना, मामांचा पोरगा दार वाजवतो. शर्ट आलाय, काजं झालीत, बटणं राहिलीत. उटण्याच्या वाटीशेजारी बसून आई बटणं लावते आणि बाबा म्हणतात, अगं पहिली आंघोळ तरी, आणि ती दोरा दाताने तोडून म्हणते, झालं. तुमच्या शर्टाला आणि बाबांच्या शर्टाला एकच चौकडी. बाहेर आलात की दिसतं, समोरच्या खोलीतल्या भावंडांनाही तीच. एकाच ताग्यातलं असणार. तुम्ही तिघंही एकमेकांकडे न बघता फटाके लावता.

तयार कपडे तेव्हा मिळत नव्हते असं नाही. कुलाब्याला चराग दिनचे झगझगीत शर्ट होते, तान्ह्या बाळांसाठी फुटपाथवर झबली होती. मधल्या सगळ्यांसाठी मात्र आधी कापड. आणि कापड घेणाऱ्याला चूक लपवायला जागा नसे: पन्हा चुकला तर बाही आखूड. तयार शर्टाने ही जबाबदारी आपल्यावरून काढून घेतली, आणि जबाबदारीबरोबर अक्कलही गेली. आज लोअर परळच्या फिनिक्स मॉलमध्ये तुम्ही शर्ट घेता तेव्हा ज्या जमिनीवर उभे असता तिथे 1905 पासून कापड बनत होतं. शर्टाच्या आतलं लेबल बांगलादेशचं असतं किंवा व्हिएतनामचं. शर्ट चांगला असतो, उगाच का नावं ठेवा. पण त्याला हात लावून तो कसा आहे ते सांगणारं माणूस त्या सगळ्या मजल्यांत सापडणं कठीण, विकणाऱ्यांत तर नाहीच.

18 जानेवारी 1982. ही तारीख गिरणगावात कुणाला सांगावी लागत नाही. अडीच लाखांच्या आसपास माणसं संपावर गेली, साठेक गिरण्यांचे भोंगे बंद झाले. बाबा म्हणाले, दोन महिन्यांत मिटेल. होळी गेली, गणपती गेले. चाळीतली निम्मी कुटुंबं गावी गेली, भांडी गेली, आईच्या पाटल्या गेल्या. त्या दिवाळीला तुम्ही गेल्या वर्षीचाच मातकट शर्ट घातलात आणि दुमड उसवलेली पँट. हिंदमाताच्या दुकानात गादीवर नवी चादर होती, गिऱ्हाईक नव्हतं. लाल कापडातल्या वह्यांत जी नावं होती ती माणसं आता दुकानासमोरून जाताना पलीकडच्या फुटपाथवरून जात. शेठने कुणाच्या दारात माणूस पाठवला नाही, असं आई सांगते. पाठवून मिळणार काय होतं, असं बाबा सांगतात. दोन्ही खरं असावं.

हा संप मागे घेतल्याची घोषणा आजवर कुणी केलेली नाही. 1983 मध्ये सरकारने तेरा गिरण्यांचा कारभार हातात घेतला, काही गिरण्या अर्ध्या माणसांवर सुरू झाल्या, काही झाल्याच नाहीत. कापडाचं मात्र काही अडलं नाही. संपाच्या काळात कित्येक मालकांनी भिवंडीच्या यंत्रमागांवरून कापड विणून घेतलं आणि त्यावर आपल्या गिरणीचा शिक्का मारून बाजारात आणलं. मालकांना तेव्हाच उमगलं की शिक्का विकायला गिरणी लागत नाही.

म्हणून आणखी एकदा दुकानात चला. 1984, पुन्हा दिवाळीच्या तोंडावर. तुम्ही बारा वर्षांचे आहात आणि काउंटर आता तुमच्या कमरेला लागतो. काउंटर, कारण अर्धी गादी काढून तिथे काच बसवलीय, आत सुरतेच्या साड्या. बाबा गिरणीत परत गेले नाहीत, त्यांना घेतलंच नाही. ते भिवंडीला एका माग कारखान्यात असतात, पत्र्याखाली बारा बारा तास, आणि रविवारी घरी येतात. आई एका कंपनीसाठी गोळ्यांची पाकिटं भरते. यंदा पैसे तिच्या बटव्यात आहेत, रोख.

विकणारा तोच. तागा उलगडतो, चौकडीचं पॉपलीन, निळं. आई मुठीत आवळते, सोडते, चोळते. बोटांवर पांढरं येतं, थोडं. ती काही बोलत नाही, किनार बाबांकडे सरकवते. किनारीवर शिक्का आहे, मोठ्या गिरणीचा, तुमच्या शाळेच्या वाटेवरच्या.

बाबा किनार बोटांतून ओढत नेतात. पहिल्या दोन हातांतच थांबतात.

"हे भिवंडीचं आहे."

"शिक्का बघा ना भाऊ."

"शिक्का नंतर मारतात. किनार मागावरच होते." ते किनार उलटी करतात, अंगठ्याने दाबून दाखवतात, तुम्हालाही बोट लावायला सांगतात. तुम्हाला या वेळी पटकन लागतं: काठाचे धागे सैल आहेत, एक आत एक बाहेर.

विकणारा गल्ल्याकडे बघतो. शेठ वहीत मान घालून बसलाय.

"मग ठेवू का बाजूला?" विकणारा आईला विचारतो.

आई बाबांकडे बघते. बाबा कापड पुन्हा एकदा ट्यूबलाइटसमोर धरतात, बराच वेळ. "विणलंय चांगलं," ते म्हणतात. "माणूस जाणता होता. पन्हा तेवढा बघून घे, छत्तीस सांगतील आणि पस्तीसच भरेल."

विकणारा निमूट पट्टी आडवी टाकतो. पस्तीस भरतात, वर एक सूत.

"मग दहा सेंटिमीटर जास्त फाडा," आई म्हणते, "आणि त्याचे पैसे लावू नका."